बोअरचा जीआय पाईप परत परत सडतोय? आधी पाण्यातले जंतू तपासा, मग पाईप बदला

वावरातल्या बोअरचा जीआय पाईप, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, दोन-तीन वर्षांत सडला, नवा टाकला, तोही तसाच गेला, ही तक्रार आमच्या काटोल-नरखेड-वरुड पट्ट्यात आता घरोघरी झाली. मी मोटरपंपाचंच काम करतो, त्यामुळं काढलेले पाईप रोज डोळ्यापुढं असतात. लक्षणं जवळपास ठरलेली. मोटर चालू केली की पहिलं पाणी गेरूच्या रंगाचं, त्याला सडक्या अंड्याचा वास, ड्रिपर चोक, फिल्टरमध्ये लालसर बुळबुळीत गाळ, मग हळूहळू पाणी कमी. मोटर काढून पाहावं तं पाईपवर जागोजागी तांबड्या गुठळ्या, एखादी गुठळी खरडली की खाली काळा चिखल अन् त्याच्या खाली आरपार भोक. काही जणांचा तं पाईपच सॉकेटपाशी तुटून मोटर बोअरमध्ये बसते, अन् मग ती काढायचा खर्च वेगळा.

यावर गावात तीन उत्तरं मिळतात. "पाईपवाल्यानं नकली माल देल्ला", "पाणीच खारं हाये", नाहीतर "मोटरीचा करंट पाईप खाऊन रायला". तिन्ही कधी कधी खरी असतात, पण नवा, चांगल्या मार्कचा, जाड पाईप टाकूनही तेच होत असेल तर चौथं कारण पाहा राजेहो: पाण्यातले जंतू. लोखंडाला जंतू लागतात म्हटलं की लोक हसतात. टायटॅनिकचं जहाज समुद्राच्या तळाशी पडून आहे ना, त्याच्या लोखंडावर लोंबणाऱ्या गंजाच्या झुंबरांतून वेगळा केलेला एक जंतू २०१० साली नवी जात म्हणून नोंदला गेला, त्याचं नावच ठेवलं हॅलोमोनास टायटॅनिकी. आपल्या बोअरमधले जंतू वेगळे, पण लोखंडावर जगणारी जमात आहे हे पक्कं.

आधी बाकीची कारणं झटपट बाजूला काढू. पाईप सगळीकडं सारखा पातळ झाला असेल, गुठळ्या नसतील, तर पाण्याचा पीएच, खार किंवा विरघळलेला कार्बन डायऑक्साईड पाहा. अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात क्लोराईडच इतकं असतं की जंतूंचं नाव घ्यायची गरज नाही, पाणी एकटंच पुरतं. फक्त आट्यांपाशी, सॉकेटजवळ सडत असेल तर आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो हे एक, अन् स्टीलच्या पंपाला थेट जीआय पाईप जोडला की दोन धातूंच्या जोडीत जीआय आधी झिजतो हे दुसरं. पाण्याच्या पातळीच्या आसपास चार-पाच फुटांतच सडत असेल तर तिथं हवा अन् पाणी आलटून पालटून लागतं म्हणून. अन् करंटचं म्हणाल तर एसी करंटानं लोखंड झिजतं ते डीसीच्या मानानं फारच कमी, पण मोटरीत लीकेज असेल तर तो माणसासाठी धोका आहे, म्हणून मेगर (करंट गळतो का ते पाहायचं मीटर) लावून वायंडिंग तपासाच, पाईपसाठी नाही, जिवासाठी.

आता खरी गोष्ट. लोखंड पाण्यात असलं की ते इलेक्ट्रॉन सोडून विरघळायला पाहतं, पण ते इलेक्ट्रॉन घेणारं कोणीतरी लागतं. वरच्या हवेशीर पाण्यात हे काम ऑक्सिजन करतो. खोल बोअरमध्ये ऑक्सिजन नसल्यातच जमा, म्हणजे तिथं गंज मंद पडायला पाहिजे. पडत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच कोडं होतं: जमिनीत खोल पुरलेले बिडाचे नळ, जिथं हवा पोचत नाही, ते काऊन खराब होतात? १८९५ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या बेयरिंक यांनी असा जंतू शोधला जो ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेतो, अन् उच्छ्वासात हायड्रोजन सल्फाईड सोडतो, तोच सडक्या अंड्याचा वास. मग १९३४ मध्ये हॉलंडच्याच फोन वोल्झोगेन क्यूर अन् व्हान डेर फ्लुग्ट या दोघांनी मांडलं की हेच जंतू लोखंडावर तयार होणारा हायड्रोजन उचलून नेतात, त्यामुळं लोखंडाचं विरघळणं थांबत नाही. ही मांडणी पुढं बरीच वर्षं चालली, वादही झाले. २००४ मध्ये असं दिसलं की काही सल्फेट-जंतू हायड्रोजनची वाट न पाहता लोखंडातून थेट इलेक्ट्रॉन ओढून घेतात. म्हणजे पाईप हेच त्यांचं जेवण. शिवाय जो सल्फाईड तयार होतो तो लोखंडाशी मिळून काळा आयर्न सल्फाईड बनतो, अन् हा काळा थर वीज वाहून नेतो, त्यामुळं त्याच्या शेजारचं उघडं लोखंड आणखी लवकर खाल्लं जातं.

पण हे एकटे नसतात, वरच्या मजल्यावर दुसरी टोळी असते. गॅलिओनेला, लेप्टोथ्रिक्स अशा नावांचे लोह-जंतू. त्यांना थोडा ऑक्सिजन अन् विरघळलेलं लोह लागतं, ते लोह ऑक्सिडाईज करून ती लाल बुळबुळ बनवतात. ही बुळबुळ पाईपला चिकटली, तिच्यात गंज अडकला, गुठळी झाली. गुठळीच्या वरच्या पाण्यात ऑक्सिजन, आत शून्य. या फरकामुळंच गुठळीखालचं लोखंड झिजायच्या बाजूला पडतं, बाहेरचं सुरक्षित राहतं. आत क्लोराईड ओढलं जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होतं, अन् ऑक्सिजन नसल्यामुळं सल्फेट-जंतूंना आयती खोली मिळते. वरचे जंतू खोली बांधतात, खालचे आत बसून भोक पाडतात. म्हणूनच हा सडका पाईप सगळीकडं पातळ नसतो. एका जागी भोक अन् त्याच्या शेजारीच चार बोटांवर पाईप कोरा, जस्त चमकत असलेला, असं दिसलं की मी तरी नव्वद टक्के जंतूंवरच बोट ठेवतो.

तपासणी घरी अशी करा. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्या. मोटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी चालू करताच पहिल्या मिनिटाचं पाणी एका बादलीत, अन् तासभर सलग चालवून दुसऱ्या बादलीत. पहिलं लाल, वासाचं, अन् दुसरं स्वच्छ असेल तर जंतूंची वसाहत पाईपमध्ये किंवा बोअरच्या भिंतीवर आहे, जमिनीतलं पाणी त्या मानानं चांगलं आहे. दोन्ही बादल्या सारख्याच असतील, अन् दुसरी बादली आधी स्वच्छ दिसून दोन-चार तासांत पिवळी-तांबडी होत असेल, तर भूजलातच लोह विरघळलेलं आहे, हवा लागली की ते बसतं. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडं असं पाणी पुष्कळ. त्या पाण्यात जंतू नाहीत असं नाही, उलट त्यांना चारा भरपूर, पण तिथं फक्त बोअर धुऊन भागत नाही, लोह काढायची सोय करावी लागते.

दुसरी तपासणी तेलकट सायीची. टाकीत किंवा खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी साय दिसते, लोक म्हणतात मोटरीचं ऑईल गळतंय. काडीनं ती साय तोडा. तुकडे होऊन तसेच तरंगत राहिले तर ती जंतूंची साय; फिरून जुळून आली तर तेल.

तिसरी, पाईप वर काढल्यावरची, अन् ही सगळ्यात कामाची. पाईप बाहेर आला की लगेच, वाळायच्या आत, एक गुठळी पेचकसनं फोडा. आतला चिखल काळा असेल अन् हवा लागून थोड्या वेळात तपकिरी व्हायला लागला तर तो आयर्न सल्फाईड. खात्री करायची असेल तर तो काळा चिखल चिमूटभर काचेच्या बाटलीत घेऊन वर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एकच थेंब टाका, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. सडक्या अंड्याचा वास आला की समजा सल्फेट-जंतूंचंच काम. नाक बाटलीला लावू नका, हा वायू विषारी आहे अन् जास्त प्रमाणात असला तर वास येणंच बंद होतं, म्हणजे माणसाला वाटतं गेला म्हणून, अन् तो असतो. याच कारणानं वास मारणाऱ्या बंद विहिरीत पाईप काढायला माणूस उतरवू नका, कंदील लावून पाहिला तरी नाही, कंदील ऑक्सिजन सांगतो, हा वायू सांगत नाही.

खड्डा धुऊन पाहा. वाटीच्या आकाराचा गोल खड्डा, त्यात आणखी छोटे खड्डे, अन् तळ चकचकीत, ही नेहमीची खूण. बिडाचा पंप असेल तर आणखी एक गंमत दिसते: बाहेरून पंपाचा बाऊल (बिडाचा कप्पा) जसाच्या तसा, आकारही तोच, पण चाकूनं खरवडला की काळं निघतं, कारण लोखंड निघून गेलं अन् मागं राहिलं ग्राफाईट. १९३४ चं ते काम मुळात याच गोष्टीवर होतं.

गावात पाणी तपासणीच्या किटमध्ये एक छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवलं अन् काळं झालं तर दूषित. ती हायड्रोजन सल्फाईडवरच चालते, पण तिचं काम पिण्याच्या पाण्यात विष्ठेची घाण आहे का हे सांगणं. सल्फेट-जंतूंनीही ती काळी होऊ शकते. म्हणजे तुमच्या बोअरची बाटली काळी झाली तर दोन्ही शंका घ्या: पाणी उकळून प्या अन् ग्रामपंचायतीतून जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना पाठवा. तिथं लोह, सल्फेट, क्लोराईड, पीएच अन् टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) एवढं तपासून मागा. लोहासाठी वेगळी बाटली सांगा जिच्यात आधीच नायट्रिक अ‍ॅसिड असतं, नाहीतर रस्त्यातच लोह तळाला बसतं अन् रिपोर्टवर कमी येतं, मग शेतकरी म्हणतो रिपोर्टात तं काहीच नाही.

आता मूळ प्रश्न: नवा पाईप टाकला तरी परत परत काऊन? कारण जंतू पाईपमध्ये नव्हते, बोअरमध्ये होते. विरजणाचं भांडं न धुता त्यात ताजं दूध ओतलं तर ते जमणारच. तुम्ही सडका पाईप काढला, भिंतीवरची बुळबुळ तशीच, तळाचा गाळ तसाच, अन् कोरा जीआय त्यात सोडला. शिवाय पाईप काढणारी गाडीवाली टोळी एका बोअरमधून निघाली की तीच चेन, तोच क्लॅम्प, तीच चिखलानं भरलेली रस्सी घेऊन दुसऱ्या बोअरवर जाते. मी टोळ्यांना सांगतो, क्लॅम्प अन् रस्सी ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवा, बरेच जण डोळे मिचकावतात अन् तसंच चालवतात. तुमच्या बोअरवर काम असेल तर तुम्हीच बादली तयार ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण आपल्या संत्र्याचं. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण देतो, म्हणजे मोटर महिनाभर, कधी त्याहून जास्त बंद. पाणी हालत नाही, ऑक्सिजन संपतो, पाण्याचं तापमान वर्षभर पंचवीस अंशांच्या पुढं, अन् हे जंतू पंचवीस ते चाळीसमध्ये मजेत वाढतात. ताण तोडायला मोटर चालू केली की त्याच दिवशी सगळा गाळ ड्रिपमध्ये. पाईप तसं पाहिलं तर त्या बंद महिन्यातच सडतो. त्यामुळं ताणाच्या काळातही आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं मोटर चालवून पाणी नाल्यात किंवा टाकीत सोडा, झाडाकडं जाऊ देऊ नका, ताण मोडत नाही. फक्त हे एवढं केल्यानं काहींचा त्रास निम्म्यावर आला आहे.

सल्फेट कुठून येतं असंही लोक विचारतात. भूजलात थोडं असतंच, पण सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये कॅल्शियम सल्फेट असतं, अमोनियम सल्फेट तर नावातच आलं, ते पाण्याबरोबर खाली जातं. खत बंद करा असं मी म्हणत नाही, बोअरच्या तोंडाशी खतं कालवायचं बंद करा. केसिंगचं (बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या नळीचं) तोंड जमिनीबरोबर असेल तर पावसाचं शेणखताचं पाणी सरळ आत जातं, फूट-दीड फूट वर घ्या, भोवती सिमेंटचा चौथरा करा, वर झाकण.

उपचार. मोटर अन् सगळा पाईप वर काढा. केसिंगच्या भिंतीवर तारेचा गोल ब्रश दोरीला बांधून वरखाली मारा, मग कॉम्प्रेसरनं तळाचा गाळ उडवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हा टप्पा टाळून नुसतं ब्लिचिंग टाकलं तर पैसे पाण्यात, कारण बुळबुळीचा वरचा थर मरतो अन् आतले जिवंत राहतात, पंधरा दिवसांत परत तेच.

मग ब्लिचिंग पावडर. अंदाजानं मूठभर-किलोभर टाकू नका, हिशेब सोपा आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी असतं, सहा इंचीत साडेपाच. दगड बांधलेली सुतळी सोडून पाण्याची पातळी मोजा. समजा बोअर ४०० फूट अन् पाणी २०० फुटांवर, तर २०० फुटांचा पाण्याचा खांब, साडेसहा इंचीला १३०० लिटर. आपल्याला दर लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे, म्हणजे एकूण १३० ग्रॅम. पावडरच्या पाकिटावर ३३-३४ टक्के क्लोरीन लिहिलेलं असतं पण उघड्या पोत्यात ठेवलेली पावडर उतरते, २५ टक्के धरा, म्हणजे ५२० ग्रॅम, अर्धा किलोच्या आसपास. जास्त टाकलं की जास्त चांगलं असं नाही. ही पावडर पाण्याचा पीएच वर ढकलते, अन् पीएच साडेसातच्या वर गेला की क्लोरीनचा जोर कमी होत जातो. आपलं काळ्या खडकातलं पाणी तसंही कडक अन् थोडं अल्कधर्मी, त्यामुळं दुप्पट टाकून अर्धा फायदा अन् भिंतीवर चुन्याचा थर.

पावडर सरळ बोअरमध्ये ओतू नका. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाण्यात कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं नितळ पाणी नळीनं बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर सोडा. मग ब्रश परत वरखाली करून मिसळा अन् बारा ते चोवीस तास राहू द्या. त्यानंतर जुना पंप किंवा कॉम्प्रेसर लावून सगळं बाहेर काढा. हे पाणी अगदी लालभडक येतं, घाबरू नका, क्लोरीननं लोह बसवलं अन् मेलेली बुळबुळ निघाली. ते ड्रिपमध्ये जाऊ देऊ नका, संत्र्याच्या बुंध्याशी तर मुळीच नाही, संत्र्याला क्लोराईड सहन होत नाही. जनावराच्या हौदातही नको. क्लोरीनचा वास जाईपर्यंत पंप चालवा. जास्त सडलेला बोअर असेल तर आठवड्याभरानं आणखी एकदा.

अ‍ॅसिडबद्दल एकच गोष्ट पण मोठ्यानं सांगतो: अ‍ॅसिड अन् ब्लिचिंग एकाच वेळी, एकाच बोअरमध्ये, एकाच ड्रममध्ये, एकाच ड्रिप लाईनमध्ये कधीच नाही. क्लोरीन वायू निघतो, माणूस जागेवर पडतो. चुन्याचा थर फोडायला अ‍ॅसिड लागलं तर ते वेगळ्या दिवशी, माहीतगार माणसाकडून, अन् पूर्ण धुऊन झाल्यावरच ब्लिचिंग. मुळात लोखंडी केसिंग अन् जीआय पाईप आत असताना अ‍ॅसिड टाकायला मी नाहीच म्हणतो.

हे सगळं करून जंतू कायमचे जातात का? नाही. खडकाच्या फटीत ते असतातच, वर्षा-दोन वर्षांत परत जमतात. म्हणून खरा इलाज पाईपच्या मटेरियलचा. त्यांना खायला लोखंड ठेवूच नका. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, कॉलम पाईप (मोटर लटकवायचा उभा पाईप) येतो, चौकोनी आट्यांचा, रबर रिंगवाला. बुळबुळ त्याच्यावरही बसते, पण भोक पडत नाही, दोन वर्षांनी काढून धुतला की परत तोच वापरता येतो. अडचण खोलीची. वरुड-मोर्शीकडं बोअर खूप खाली गेले, तिथं पाईपचा क्लास पाहूनच घ्या, कंपनीच्या तक्त्यात किती फुटांपर्यंत चालतो ते दिलेलं असतं, दुकानदाराच्या "चालतं ना भाऊ"वर जाऊ नका. पाईप कोणताही असो, मोटरीला वेगळी सेफ्टी रस्सी बांधा, नायलॉनची चालते, लोखंडी वायर रोप टाकली तर तिलाही तोच रोग.

जीआयच टाकायचा असेल, खोलीमुळं पर्याय नसेल, तर जाड क्लासचा घ्या, सॉकेटपाशी कापलेल्या आट्यांना झिंकचा पेंट लावा, अन् स्टीलच्या पंपाला जोडताना मध्ये यूपीव्हीसीचा किंवा नायलॉनचा तुकडा येतो का ते पाहा, तो वजन पेलणारा असावा. स्टेनलेस स्टील म्हणजे सुटका असंही समजू नका. ३०४ ग्रेडचा पाईप खाऱ्या पाण्यात बुळबुळीखाली टाचणीएवढी भोकं पाडून घेतो, ३१६ त्याहून टिकतो पण भाव ऐकूनच माणूस खाली बसतो.

ड्रिपचं थोडक्यात. पाण्यात लोह लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ड्रिपर चोक व्हायची भीती कमी, १.५ च्या वर गेलं तर भीती मोठी, मधल्यात काळजी घ्यायची. जास्त असेल तर पाणी सरळ ड्रिपमध्ये न देता आधी टाकीत उंचावरून, शॉवरसारखं पाडून घ्या, हवा लागून लोह बसेल, वरचं पाणी सँड फिल्टरमधून द्या. क्लोरीन द्यायचा असेल तर फिल्टरच्या आधी द्या, नंतर नाही, नाहीतर बसलेलं लोह ड्रिपरमध्येच जाईल. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात एक-दोन पीपीएम (लिटरला एक-दोन मिलिग्रॅम) क्लोरीन उरलं पाहिजे, पूल किंवा नळपाण्याचं तपासणी किट स्वस्तात मिळतं. लोहाच्या दर मिलिग्रॅमला क्लोरीनचा बराच भाग खर्ची पडतो, म्हणून जेवढं टाकलं तेवढं शेवटी मिळत नाही. लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांच्या) टोकाच्या गाठी आठवड्यानं सोडून फ्लश करा, याला पर्याय नाही.

याच जमातीचा आणखी एक उपद्रव ज्यांच्याकडं जुन्या पद्धतीचा, वर लोखंडी टाकी तरंगणारा गोबर गॅस आहे त्यांना माहीत असेल. शेणात सल्फेट-जंतू असतातच, गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड येतो, टाकी जिथं शेणकाल्याच्या वर-खाली होते तिथं आधी सडते, शेगडीचे बर्नर अन् पितळी कॉकही काळे पडतात. टाकीला दरवर्षी खरवडून रंग द्यायचा तो याच्यासाठी. गॅसच्या लाईनवर लोखंडी किसाचा डबा बसवला की सल्फाईड त्या किसावर अडकतं, किस काळा झाला की बदलायचा. टर्निंगच्या दुकानातला किस फुकट मिळतो, फक्त तेल लागलेलं धुऊन, थोडा गंजू देऊन भरा, गंजलेला किस जास्त धरतो. काळा झालेला किस काढल्यावर लगेच ढिगात टाकू नका, हवा लागून तो तापतो, पेटही घेऊ शकतो, आधी पाणी मारा अन् उघड्यावर पसरवा.

मिस्तरीला बोलवायच्या आधी एवढं तयार ठेवा: दोन बादल्यांचा निकाल, बोअरची खोली अन् पाण्याची पातळी, मागचा पाईप कधी टाकला होता, मोटर मधे किती दिवस बंद होती. अन् पाईप वर येताना प्रत्येक नळीवर खडूनं नंबर टाका, कोणत्या नंबरावर गुठळ्या अन् कोणत्यावर भोक ते लिहून ठेवा. गुठळ्या फक्त वरच्या दोन-चार नळ्यांवर असतील तर पाण्याची पातळी पाहायची, सगळ्या उंचीवर असतील तर बोअर धुवायचा, अन् तळच्या नळ्यांवरच असतील तर गाळ इतका साचला आहे की पंप गाळातच बसला आहे, तेव्हा कॉम्प्रेसर मारून गाळ काढा अन् पंप तळापासून वीस-पंचवीस फूट वर घ्या.